रोहिदासचे तेरा सोमवार

आमचा रोहिदास गोल करतो की गोल अडवतो, हे मला पहिली चार वर्षं माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नाही असं नाही, मीच ऐकलं नाही. फुटबॉल म्हटल्यावर गोल व्हायला हवा एवढं मला आपोआप कळलं होतं, आणि जे आपोआप कळतं त्याची खात्री करून घ्यायची मला सवय नाही. त्याची मॅच असली की मी गणपतीला एकवीस दूर्वा वाहायचे आणि म्हणायचे, गोल होऊ दे रे बाबा. गणपती माझं ऐकायचा. गोल व्हायचे.

एकदा चिंचवडला मॅच होती. मी ह्यांना फोन करून विचारलं, किती झाले? हे म्हणाले, पाच. फोन ठेवला आणि अर्धा किलो पेढे आणून आळीभर वाटले. संध्याकाळी रोहिदास घरी आला तेव्हा शेजारच्या तेजलनं त्याच्या हातावर पेढा ठेवून अभिनंदन केलं. तो पेढा धरून माझ्याकडे बघत राहिला. ते पाचही गोल त्याच्याच जाळ्यात गेले होते, एक तर त्याच्या दोन पायांमधून. आमचा रोहिदास गोलकीपर होता.

"वहिनी, तू देवाला नक्की काय सांगतेस?"

मी सांगितलं. तो ओट्यावर बसून पोट धरून हसला, मग तो पेढा खाल्ला, वर आणखी दोन मागून घेतले.

"आता उलटं सांग," तो म्हणाला. "म्हणावं, काहीच होऊ देऊ नकोस."

वाटतं तितकं हे सोपं नाही. सगळा जन्म आपण देवाकडे काहीतरी व्हावं म्हणून हात जोडतो. नोकरी व्हावी, मूल व्हावं, जमिनीचा निकाल व्हावा. काहीच होऊ नये यासाठी कोणतं व्रत धरतात ते ना आमच्या भजनी मंडळात कुणाला माहीत होतं, ना भटजींना. शेवटी मी माझं मीच ठरवलं. मॅच सुरू झाली की समई लावायची, समोर डोळे मिटून बसायचं आणि संपेपर्यंत काही मागायचं नाही. नव्वद मिनिटं काही न मागता देवासमोर बसून बघा. माझ्या मनात पहिल्या दहा मिनिटांत सतरा मागण्या यायच्या. त्यातली एखादी निसटून वर गेली की तिकडे गोल झालाच, अशी माझी खात्री होती.

मी लग्न होऊन पुनावळ्यात आले तेव्हा रोहिदास नऊ वर्षांचा होता. ह्यांच्यात आणि त्याच्यात पंधरा वर्षांचं अंतर. तेव्हा आमच्या दारात कोबीचं वावर होतं, आता तिथे बावीस मजली सोसायटी आहे. कोबी टेम्पोत भरून देहूरोडच्या बाजारात न्यायचा, तिथे हे वरून गड्डे फेकायचे आणि खाली हा झेलायचा. एकही पडू द्यायचा नाही. लष्करातून निवृत्त झालेले मालोजी सर त्या वेळी देहूरोडच्या मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवायचे. ते भाजी घ्यायला आले होते, ती विसरले आणि पोरगं घेऊन गेले. आमच्या गावात तेव्हा कबड्डी आणि क्रिकेट हेच खेळ. सासूबाई, म्हणजे छबूबाई, बरेच दिवस लोकांना सांगायच्या, "आमचा धाकला मिल्ट्रीच्या मैदानावर जातो." काय करायला जातो ते सांगायच्या नाहीत.

पुढे त्याला चाकणच्या एका कंपनीनं खेळाडू म्हणून घेतलं. सकाळची शिफ्ट करायची, चार वाजता सुटून सरावाला जायचं. मग गोव्याच्या एका क्लबनं करार केला. दोन मोसम तो टीव्हीवर दिसला. मला टीव्हीवर फारसं काही दिसायचं नाही, कारण मी डोळे मिटून बसलेली असायचे. मागून सासूबाई सांगायच्या, "झेलला," "परत झेलला," "आता मातूर गेला." गेला म्हटलं की मी आपल्या मनात शोधायचे, नेमकं कोणत्या क्षणी माझं चित्त गॅसवरच्या कुकरकडे गेलं होतं. बहुतेक वेळा सापडायचं.

तिसऱ्या मोसमाआधी त्याचा खांदा निखळला. क्लबनं करार पुढे चालवला नाही. रोहिदास घरी आला आणि सत्तावीस वर्षांचा धडधाकट माणूस दिवसभर गच्चीवर बसून समोरच्या सोसायटीचे मजले मोजू लागला. खांदा बरा झाला, मन होईना. जानेवारीत दुसऱ्या एका क्लबची निवड चाचणी होती. तोवर मालोजी सरांकडे सराव करायचा असं ठरलं.

इथे मी मध्ये पडले.

मी रोजची व्रतवैकल्यं करणारी बाई. सोमवार, संकष्टी, एकादशी, प्रदोष, रोजचा जप, पिंपळाला पाणी. गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणजे अंडं-मटण घरात माझ्या चुलीवर नाही. मी कुणाला मोठ्या आवाजात बोलत नाही, पण हळू आवाजात सारखं सारखं बोललं की समोरचा ऐकतो, हे मला लग्नानंतर लवकर कळलं. मी रोहिदासला हळू आवाजात आठ दिवस सांगितलं, की माझ्याबरोबर तूही सोळा सोमवार धर. दिवसभर काही खायचं नाही, दिवेलागणीला पूजा झाली की कणीक, गूळ आणि तुपाचा चुरमा, बस. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सुरू केलं तर चाचणीच्या आधी उद्यापनही होईल. नवव्या दिवशी तो म्हणाला, "बरं वहिनी, धरतो."

त्यानं इतक्या लवकर ऐकलं याचा मला आनंदच झाला. शंका यायला हवी होती.

सोमवारी दुपारी तो देहूरोडला जायचा आणि सात वाजता परत यायचा. हातपाय धुऊन पाटावर बसायचा. अंगाला घामाचा वास, पण तोंडाला लवंगेचा. मी मनात म्हणायचे, बघा, उपवासाच्या दिवशी मुखशुद्धीसुद्धा पाळतो. मी ताटात चुरमा वाढायचे, तो दोन घास खायचा आणि पुरे म्हणायचा.

"अरे, दिवसभराचा उपाशी आहेस."

"भूकच मेलीये, वहिनी."

मी भजनी मंडळात सांगितलं, आमच्या दिराला तिसऱ्याच सोमवारी वैराग्य आलं. माझी मात्र सोळा सोमवारांची सवय पंधरा वर्षांची, तरी मी त्याच्या ताटात उरलेला चुरमासुद्धा संपवायचे. म्हणायचे, प्रसाद टाकू नये.

तेराव्या सोमवारी पाच वाजता ह्यांना फोन आला. आम्ही पोचेपर्यंत त्याला दवाखान्यात नेलं होतं. सरावात तो बॉल झेलायला उडाला, झेलला, खाली आला आणि उठला नाही. जवळ दुसरं कुणी नव्हतं, धक्का नव्हता. बॉल हातातच होता. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं, की हृदयाची भिंत जन्मापासून जाड होती, खेळणाऱ्या मुलांत कधी कधी असतं, आधी काही कळत नाही, कुणाचा दोष नाही. पण त्याआधी, आत त्यांची धावपळ चालू असताना, एका डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन विचारलं होतं, "पेशंटनं शेवटचं कधी खाल्लं होतं?"

हे म्हणाले, माहीत नाही, सरावाला होता. मालोजी सर आत होते. माहीत मला होतं. आदल्या रात्री नऊला, दोन भाकरी आणि मेथी. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. लोक म्हणतात मी मवाळ बोलते. त्या दिवशी मी इतकी मवाळ झाले की ऐकूच गेलं नाही. बाई आत निघून गेल्या.

तो गेल्यानंतरची दोन वर्षं मी सोमवार सोडले नाहीत, पण चौदावा कधी आला नाही. चौदावा धरायचा म्हणजे त्याला मागे ठेवून पुढे जायचं. शंभराच्या आसपास सोमवार झाले असतील, माझ्या लेखी सगळे तेरावेच. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या घरी मी जेवले नाही तर लोक वार विचारतात, कारण विचारत नाहीत. ज्या पोराला मोठं करताना मी कधी उपाशी झोपू दिलं नाही, त्याला मीच उपाशी मैदानावर पाठवलं, हे मी देवाला रोज सांगायचे. माणसांपैकी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या डिसेंबरात मालोजी सर घरी आले. रोहिदासच्या नावानं मैदानावर सामने ठेवलेत, शेवटच्या सामन्याला कप तुमच्या हातून द्यायचा आणि दोन शब्द बोलायचे, असं म्हणाले. मी नको म्हटलं, मग हो म्हटलं. मला वाटलं, देवानंच मला माइकसमोर उभं करायचं ठरवलं आहे, तर खरं बोलून टाकावं. मी वहीच्या कागदावर लिहून काढलं. सुरुवात होती, "रोहिदास उपाशी गेला, आणि त्याला उपाशी ठेवणारी मी आहे." चार वेळा लिहिलं, कारण दर वेळी डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षर पुसलं जायचं.

रविवारी हे मला गाडीवरून घेऊन गेले. सासूबाई आल्या नाहीत. तो गेल्यापासून त्या मैदानावर त्या पुन्हा गेल्याच नाहीत. दोन्ही बाजूंनी एकही गोल होईना. मंडपातले लोक कंटाळून मोबाइल बघत होते, एवढ्या माणसांत मी एकटीच समाधानानं बसले होते. काही होत नव्हतं. रोहिदासला हेच तर हवं असायचं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून मॅच बघतेय. तो असताना ही अक्कल सुचली नव्हती.

अर्ध्या वेळात मी मालोजी सरांना बाजूला बोलावलं. म्हटलं, माइकवर बोलायच्या आधी तुम्हाला सांगायला हवं, कारण पोर तुमच्या ताब्यात होतं. आणि कागद त्यांच्या हातात दिला. ते चष्मा लावून वाचू लागले. मिशीची टोकं हलत होती. मला वाटलं, माणूस रागानं थरथरतोय.

"कोण उपाशी?" ते म्हणाले. "रोहिदास?"

"त्याचे सोमवार होते, सर."

त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली. "वहिनी, जरा माझ्याबरोबर चला."

मैदानाच्या फाटकाबाहेर एक गाडा आहे. मोठा तवा, अंड्यांचे ट्रे, पावाची लादी, बाजूला चहाचा स्टोव्ह. गाड्यावरच्या बाईचं नाव चतुराबाई. सरांनी तिला सांगितलं, या रोहिदासच्या वहिनी, सोमवारचं काय ते यांना सांगा. तिनं माझ्या गळ्यातली माळ बघितली आणि उलथनं खाली ठेवलं.

"मी न्हाई सांगनार. शबूद दिलाय त्याला."

"तो आता रागवायचा नाही," मी म्हटलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग तव्याकडे बघत बोलली, "चार अंड्यांची भुर्जी, सा पाव. वरनं लवंग."

"सोमवारी?"

"बाकीचे दिस दोन अंडी. सोमवारी चार. म्हनायचा, घरी गेल्याव वहिनी गूळ-कनीक चारती, त्याच्या आत जागा भरू दे."

तिनं बाकडं पुसून पुढे सरकवलं, मी बसले. मला जे विचारायचं होतं त्याला दोन वर्षं लागली होती, तरी आणखी एक मिनिट लागलं.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिशी बी. साडेतीनला. हितंच, तुमी बसलाय तितं." तिनं स्टोव्ह बारीक केला. "मीच म्हनलं त्याला, आरं पोरा, वहिनीला सरळ सांग की न्हाई जमत म्हनून. तर म्हनला, मावशे, तसं सांगितलं तर ती माझे सोमवार बी सोताच धरंल. बत्तीस व्हतील तिचे. आता तीनच ऱ्हायले, मग सांगतो तिला, लई हसंल."

हसू आलं का ते मला आठवत नाही. पहिल्यांदा आला तो राग. तेरा सोमवार मी कडकडीत उपाशी, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत, आणि हा इथे बाकड्यावर पाय पसरून भुर्जी खातोय. त्याच्या वैराग्याचं मी अख्ख्या मंडळाला सांगितलेलं. वर त्याच्या ताटातला चुरमा मी प्रसाद म्हणून खाल्ला, तो बिचाऱ्याचं पोट तुडुंब असल्यामुळे उरलेला. आणि मग राग कुठेतरी गेला, आणि मी चतुराबाईच्या त्या तेलकट बाकड्यावर हुंदके देऊन रडले. तो जेवला होता. चार अंडी आणि सहा पाव. माझं पोर भरल्या पोटानं उडालं होतं.

कप देताना माइक पुढे आला. कागद पर्समध्येच राहिला. मी म्हटलं, "मुलांनो, जेवून खेळत जा." एवढंच. लोकांना वाटलं मी आहाराबद्दल बोलले. टाळ्या वाजल्या.

पण मी मी आहे. समाधान मला फार वेळ मानवत नाही. गाडी रावेतच्या पुलापर्यंत आली नाही तोच दुसरा विचार आला. म्हणजे व्रत मोडलं होतं. एकदा नाही, तेरा वेळा, तेही अंड्यांनी. आणि ज्या सोमवारी तेराव्यांदा मोडलं, त्याच सोमवारी तो गेला. दोन वर्षं मी म्हणत होते माझ्या उपवासानं मारलं, आता उपवास नव्हता तर देवाच्या कोपानं मारलं असं म्हणायला मोकळी झाले. माझ्या डोक्यात अपराधाची जागा कधी रिकामी राहत नाही, जुना भाडेकरू गेला की नवा येतो.

घरी येऊन सासूबाईंपुढे बसले आणि सगळं सांगितलं. दवाखान्यातलं न बोललेलंसुद्धा. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"भुर्जीचं मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "लवंगा माझ्याच डबीतल्या न्यायचा, गाड्यावर ठिवायला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलं व्हय? तू समदं देवाला इचारती. घरात मानसं बी हायती."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"दोन वरीस तुला आसं वाटत व्हतं? त्वा त्याला मारलं म्हनून?"

मी मान हलवली. सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्न होऊन आले त्या दिवशी ठेवला होता, त्यानंतर हाच. "येडी," त्या म्हणाल्या. हाताला तांदळाचा भुसा होता, तो माझ्या केसांत राहिला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी पिंडीवर पाणी घालायला बसले. रोज मी नाव घेते, पण त्या दिवशी पहिल्यांदा ज्याचं नाव घेते त्याच्याकडे नीट बघितलं. म्हटलं, याच्या गळ्यात साप, अंगाला राख, घर स्मशानात. सगळं जग वाचवायला यानं विष पिऊन पचवलं. त्याला माझ्या दिराची चार अंडी जड गेली असतील? पोरगं वहिनीला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोललं, आणि म्हणून यानं त्याला नेलं? असल्या देवाला मी वीस वर्षं बेल वाहिला नाही. ज्याला वाहिला तो वेगळा होता. एवढं खात्रीनं मी आयुष्यात काही बोलले असेन तर त्या सकाळी, आणि तेही मनातल्या मनात.

तो चौदावा सोमवार.

पुढचे दोन झाले, आणि सतराव्याला उद्यापन. पाच शेर कणकेचा चुरमा केला. त्याचे तीन भाग करतात, एक देवाला, एक देवळात वाटायचा, एक घरच्यांनी खायचा. मी एकटीनंच व्रत पुरं केलं असं भटजींना सांगितलं. ते म्हणाले, बरोबरच्या माणसाचे तीन सोमवार राहिले असतील तर त्याचा काही विधी करावा लागेल. मी म्हटलं, त्याचे सोळाही राहिलेत, महाराज, तुम्ही त्यात पडू नका. हे मी हळूच म्हटलं, पण ते खरंच त्यात पडले नाहीत.

घरच्या भागातून एक डबा भरला आणि संध्याकाळी देहूरोडला गेले. पोरं सराव करत होती. डबा चतुराबाईच्या हातात दिला. तिनं हात साडीला पुसले, डबा कपाळाला लावला आणि तिथेच, तव्याच्या बाजूला, चमच्यानं खाऊ लागली.

"ग्वाड लई," ती म्हणाली. "तरी म्हनलं पोरगं हितनं भरून का जातंय."

मग मला काय घेणार विचारलं. माझी माळ, तिचा तवा, मधे हातभर अंतर. मी म्हटलं, चहा द्या. तिनं पातेलं विसळून आधण ठेवलं. मी त्याच बाकड्यावर बसून मैदानाकडे बघत चहा प्याले. जाळ्यात एक काटकुळा मुलगा उभा होता, त्याच्याकडे कुणी बॉलच मारत नव्हतं. त्याच्यासाठी मी काहीच मागितलं नाही. ते आता मला जरा जमायला लागलंय.

मी उठले तेव्हा चतुराबाईनं सवयीनं डब्यातून लवंग काढून माझ्या हातावर ठेवली. मीही सवयीनं तोंडात टाकली.

घरी पोचले तेव्हा सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मी वाकून पाया पडले, उद्यापन झालं म्हणून. त्यांनी आशीर्वाद द्यायला हात वर केला आणि तिथेच थांबवला. नाकानं एक श्वास घेतला, मग दुसरा.

"आता तू बी व्हय गं?" त्या म्हणाल्या.